चौकटी मोजणाऱ्यांनो, जरा बनगरवाडीला जाऊन या

शुक्रवारी संध्याकाळी टपरीवर पुन्हा तोच वाद. अमुक हिरोचा ड्रेस कॉमिकमधे निळा होता, पिक्चरमधे काळा का? तमुक माणूस शेवटी मरतो, यांनी मधेच कसा मारला? आमच्या टीममधली पोरं यावर कामापेक्षा जास्त जीव तोडून भांडतात. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी एसटीने माझ्या गावाकडे चला. सगळे हसले. मी मात्र सीरियस होतो.

माझं गाव माणदेशात. साताऱ्याचा माण, सांगलीचं आटपाडी, सगळा दुष्काळी पट्टा. व्यंकटेश माडगूळकर इथलेच, आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. त्यांची 'बनगरवाडी' 1955 साली आली आणि अमोल पालेकरांनी तिच्यावर 1995 साली सिनेमा केला. कादंबरी तरुण मास्तर स्वतः सांगतो. कॅमेऱ्याला असं 'मी' म्हणता येत नाही, त्याला मास्तर बाहेरूनच बघावा लागतो. म्हणजे पहिल्या पानापासूनच बदल आला. मग बेइमानी झाली का? अजिबात नाही!

आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या. जुना प्रोग्रॅम नव्या भाषेत ओळीला ओळ लावून लिहिला, तर तो चालतो, पण रडत रडत. शहाणा माणूस टेस्ट केस बघतो. आत काहीही बदला, टेस्ट पास झाल्या पाहिजेत. 'बनगरवाडी'ची टेस्ट कुठली? दुष्काळ पडतो, धनगर मेंढरं घेऊन निघून जातात, वाडी ओस पडते आणि मुलांशिवाय शाळा उरत नाही. हे बघून पोटात खड्डा पडला तर पास. माझे आजोबा 1972 च्या दुष्काळात असेच घराला कुलूप लावून निघाले होते. मास्तरच्या सदऱ्याचा रंग त्यांनी विचारला नसता.

आणि 'ओरिजिनल'चं फार कौतुक नको हं. आपल्या आधीच्या पिढीने वाचलेला वेताळ तरी कुठे ओरिजिनल होता? इंद्रजाल कॉमिक्सने त्याच्या बंगालाचं डेंकाली केलं, त्याला मराठी बोलायला लावलं. कुणाचं काय बिघडलं? उलट 2009 चा 'वॉचमेन' बघा. झॅक स्नायडरने चौकटीच्या चौकटी उचलल्या, शेवटचा तो अवाढव्य प्राणी तेवढा बदलला. चाहते आजही त्या एका प्राण्यावरून भांडतात. चौकटी जुळल्या, पण मुखवटे घालून मारामारी करणाऱ्यांची कीव यायच्या ऐवजी स्लो मोशनमधे ते भारीच दिसायला लागले. माझ्या मते टेस्ट तिथे फेल झाली.

पण दिग्दर्शक मंडळींनी लगेच खूश होऊ नये. 'सिनेमा हे वेगळं माध्यम आहे' ही तुमची ठरलेली पळवाट. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. त्यांच्या 'अलगूज'वरचा सिनेमा 1974 साली 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा' या नावाने आला. नाव खुशाल बदला, गाणी घाला, चार पात्रं गाळा. पण उद्या कुणी नवा 'फकिरा' काढला आणि मांगवाड्याची भूक गाळून नुसता घोड्यावरचा हिरो ठेवला, तर पागोट्याची घडी बरोबर असून काय उपयोग? फकिरा धान्य लुटतो ते लोक उपाशी मरतायत म्हणून. हे कारण काढलं की उरतो नुसता दरोडेखोर.

यात एवढं तापण्यासारखं काय, असं वाटेल. तर मंडळी, आपण पुस्तकं वाचत नाही. खोटं कशाला बोला! बहुतेकांसाठी पिक्चर हेच पुस्तक होणार आहे. पिक्चरने जे गाळलं, ते पुढच्या पिढीसाठी घडलंच नाही.

तेव्हा सोमवारी टपरीवर ड्रेसचा रंग काढू नका. पात्र जे करतं ते का करतं, तेवढं शाबूत राहिलं का, एवढंच सांगा. चहा माझ्याकडून :-)