टोचनगाडीचा सायलेन्सर आणि मिस्त्रीची पत

पुणे-सोलापूर रस्त्याने हडपसर मागे पडले की मांजरी, फुरसुंगी, लोणी काळभोर हा जो पट्टा लागतो, तो अवजड वाहनांवर जगणारा पट्टा आहे. लोणी काळभोरच्या तेल डेपोंतून भरून निघणारे टँकर, गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मालट्रक, टेंपो आणि यांपैकी कोणी वाटेत बंद पडले की त्याला ओढून आणणाऱ्या टोचनगाड्या व क्रेन. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेले, चोहोकडे इमारती उभ्या राहिल्या. पण रस्त्यावर गाड्या आहेत तोवर गॅरेजही आहेच. पंप, नोझल, टर्बो, रेडिएटर, वेल्डिंग, टिंकरिंग या कामांत आपल्या समाजातील कारागिरांचे हात पिढ्यान् पिढ्या काळे होत आले आहेत. म्हणूनच या धंद्यात रुळलेल्या एका चालीविषयी आज स्पष्ट लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते.

चाल अशी : टोचनगाडीचा मालक येतो आणि म्हणतो, "उस्ताद, गाडी ओढत नाही. सायलेन्सर मोकळा करा, पंप थोडा वाढवा." नव्या गाडीचा मालक आणखी एक गोष्ट मागतो : "तो डीपीएफचा डबा आतून रिकामा करून टाका." दोन-चार तासांचे काम, रोख पैसे, ना बिल ना पावती. गाडी गर्जना करीत बाहेर पडते आणि मालक खूश होतो. आमचे म्हणणे इतकेच की, या कामात मालकाला वाटते तेवढी ताकद मिळत नाही आणि मिस्त्रीची मात्र पत जाते. नफा वरवरचा, नुकसान मुळाशी असा हा सौदा आहे.

आवाज म्हणजे ताकद नव्हे

डिझेल इंजिनाची ताकद दोन गोष्टींवर चालते : आत किती हवा गेली आणि त्या हवेत किती डिझेल नीट जळाले. नुसता सायलेन्सर कापल्याने यांपैकी काहीच फारसे बदलत नाही. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोच्या पुढचा पाइप मोठा केला तर थोडासा फरक पडू शकतो. पण डिझेल पूर्वीइतकेच जात असेल तर ओढण्याचा जोर वाढणार कोठून? वाढतो तो आवाज, आणि आवाजाला ताकद समजण्याची आपली जुनी सवय आहे.

मग पंप वाढवला जातो. जुन्या यांत्रिक पंपात स्क्रू फिरवून, नव्या गाडीत कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून. डिझेल जास्त जाते, पण हवा तेवढीच. न जळलेले डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडते. त्या धुराचे पैसे मालकानेच पंपावर मोजलेले असतात. घाटात वजन ओढताना हेच जादा डिझेल इंजिनाची उष्णता वाढवते. व्हॉल्व्ह, पिस्टन, टर्बो यांचे आयुष्य घटते, सिलिंडरच्या भिंतीवरून उतरलेले डिझेल ऑइल पातळ करते आणि काही दिवसांत इंजिनाचे काम निघते. त्या वेळी मालकाला स्वतःची फर्माईश आठवत नाही. त्याला फक्त मिस्त्रीचे नाव आठवते.

खरी गोष्ट अशी की टोचनगाडीला शर्यतीचा पिकअप लागतच नाही. बंद वाहन ओढून नेताना वेगाची मर्यादा ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. तिला लागतो तो कमी वेगात, कमी आवर्तनांवर मिळणारा जोर. तो गिअरच्या प्रमाणात असतो, चांगल्या क्लचप्लेटमध्ये असतो, थंड राहणाऱ्या रेडिएटरमध्ये असतो. सायलेन्सरच्या भोकात तो नसतो.

गाडी ओढत नाही, कारण...

याचा अर्थ मालकाची तक्रार खोटी असते असे नाही. गाडी खरोखरच ओढत नसते. पण कारण बहुधा दुसरीकडे असते आणि ते शोधून काढणे हीच कारागिरी आहे. एअर फिल्टर धुळीने तुंबलेला असतो. इंटरकूलरचा होज कोठेतरी फाटलेला असतो. साबणाचे पाणी लावले की बुडबुडा दाखवून देतो. मॅनिफोल्डची गॅसकिट उडालेली असते. टर्बोकडे जाणारा धूर आधीच निसटतो, बाजूला काजळीचा डाग पडतो आणि टर्बोला जोर मिळत नाही. डिझेल फिल्टर जाम असतो, नोझल टपकत असते, टॅपेट बिघडलेले असते, क्लच सरकत असतो. कित्येकदा ब्रेकच धरून बसलेला असतो आणि मालक इंजिनाला दोष देतो; चार किलोमीटर चालवून ड्रमजवळ हात नेला तर तापलेले चाक आपली कहाणी स्वतःच सांगते.

सायलेन्सरही दोषी असू शकतो. आतले पडदे गंजून पडलेले, काजळीने वाट बुजलेली, पाइप कोठे ठोकर लागून चेपलेला. अशा वेळी तो जरूर बदलावा. पण कंपनीच्या मापाचा बदलावा. उलटा दाब मोजण्याचा साधा गेज लावून आधीचा आणि नंतरचा आकडा मालकाला दाखवावा. आकडा दाखवणाऱ्या मिस्त्रीशी घासाघीस कमी होते, हा व्यवहारातला धडा आहे.

ओढण्याआधी थांबण्याचा विचार

या विषयाची सर्वांत गंभीर बाजू ब्रेकची आहे. आपल्याकडच्या गाड्यांना एका अंगाला दिवे घाट आहे, दुसऱ्या अंगाला कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांब उतार. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच उतारावर एका अवजड वाहनाने डझनावारी गाड्यांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे प्राथमिक तपासानंतर पोलिसांनी सांगितले होते. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद आणि एक्झॉस्ट ब्रेकही बंद.

हा एक्झॉस्ट ब्रेक सायलेन्सरच्याच वाटेवर बसवलेला असतो, हे आपल्या कारागिरांना सांगायला नको. धुराच्या वाटेतली झडप मिटते, इंजिनात उलटा दाब तयार होतो आणि गिअरमध्ये असलेली गाडी इंजिनच रोखून धरते. त्यामुळे ड्रम तापत नाहीत. "मोकळा पाइप" बसवताना ही झडप अनेकदा अडथळा समजून काढली जाते किंवा उघडी ठेवून बांधली जाते. मागे बारा-पंधरा टनांचा बंद ट्रक लटकलेला असताना ही झडप नसणे म्हणजे काय, याचा विचार हातात कटर घेण्याआधी करायला हवा. ओढणारी गाडी मागच्या ओझ्याने पुढून हलकी होते, स्टिअरिंग ऐकत नाही; ओढल्या जाणाऱ्या गाडीचे इंजिन बंद असल्याने तिच्या ब्रेकला हवा मिळत नाही. अशा जोडीला उतारावर सांभाळणारी प्रत्येक वस्तू मोलाची आहे. ती आपल्या हाताने काढून ठेवायची, ही कारागिरी नव्हे.

नव्या गाड्यांचा प्रश्न

पुणे आणि सोलापूर ही या रस्त्याची दोन्ही टोके २०१० सालीच भारत स्टेज चार लागू झालेल्या तेरा शहरांत होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा आले आणि ट्रकच्या सायलेन्सरचे रूपच पालटले. आता तेथे काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ आहे; युरियाचे पाणी फवारून विषारी वायू निवळणारी यंत्रणा आहे; जागोजागी सेन्सर आहेत. जाळीत साठलेली काजळी साधारण सहाशे अंश उष्णतेला जाळून ती साफ होते. पण टोचनगाडी तासन् तास एका जागी इंजिन चालू ठेवून उभी असते, किंवा जवळच्या फेऱ्या मारते. धूर हवा तेवढा तापत नाही, जाळी तुंबते, दिवा लागतो आणि कॉम्प्युटर इंजिनाचा जोर कमी करतो. भेसळीचे युरियाचे पाणी भरले तरी तेच.

येथेच मोह होतो. डबा पोकळ करायचा, सेन्सरला फसवणारी पेटी लावायची, झाले! परंतु हा दोष जाळीचा नसून वापराचा आहे. गाडी महामार्गावर ओझ्यासह अर्धा-पाऊण तास सलग चालवणे, उभी असताना साफसफाईचे बटण वेळेवर दाबणे, शिक्क्याचे युरियाचे पाणी घेणे, जाळी उतरवून यंत्रावर रीतसर साफ करणे, हे त्याचे उपाय आहेत. जाळी साफ करण्याचे काम हा तर नवा धंदा आहे. आपल्या तरुणांनी तो आज हाती घेतला नाही, तर उद्या दुसरे घेतील.

आणि त्या धुराचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले. गाडी रस्त्यावर जाऊन धूर सोडते तो नंतर. पहिला धूर पत्र्याच्या शेडमध्ये रेस देताना निघतो. तो छातीत घेणारे आपले उस्ताद असतात आणि पाना धरून उभी असलेली आपलीच पोरे असतात.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आवाज आणि धुराची मर्यादा मोडून गाडी चालवणाऱ्यास दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. पुण्यात बुलेटचे बदललेले सायलेन्सर पोलिसांनी रोड रोलरखाली चिरडले, ते सर्वांनी पाहिलेच आहे. अपघात झाला तर विमा कंपनीला हरकत घेण्यास निमित्त मिळते ते वेगळेच. दंड मालकाच्या नावे निघाला तरी "हे काम कोणाकडे केले?" हा प्रश्न शेवटी गॅरेजच्या दारात येतो. तेव्हा मालक आपल्या बाजूने उभा राहील, या भ्रमात कोणी राहू नये.

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेतही पिकअप ट्रकांचे धूरनियंत्रण काढून टाकण्याचा मोठा धंदा झाला. दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांवर असे काम झाल्याचा अंदाज तेथील पर्यावरण खात्याने २०२० साली मांडला. तेथे असे भाग विकणाऱ्या कंपन्यांवर आणि दुकानदारांवर मोठ्या रकमांचे दंड बसले. मागणी मालकांची होती. झळ धंदेवाल्यांनाही लागली.

"आम्ही नाही केले तर शेजारचा करील"

हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे आणि ते अगदीच फेकून देण्यासारखे नाही. गॅरेजचे भाडे थांबत नाही, पोरांचा पगार थांबत नाही. नव्या गाड्या वॉरंटीच्या काळात कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातात आणि हाताला काम कमी मिळते. अशा वेळी आलेले गिऱ्हाईक परत पाठवणे सोपे नसते. पण हिशेब पुरता मांडा. समजा, सायलेन्सर मोकळा करण्याचे दोन-तीन हजार मिळाले. ते एकदाच मिळाले. उलट ज्या गाडीची फिल्टर, होज, नोझल, ब्रेक, क्लच अशी तपासणी आपण करून दिली, ती दर हंगामाला आपल्याच दारात येते आणि येताना दुसरी गाडी घेऊन येते. शेजाऱ्याकडे गेलेले गिऱ्हाईक इंजिन उतरवण्यासाठी कोणाकडे येईल, हेही थोडे थांबून पाहावे.

आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना चार सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक कामाचे जॉब कार्ड लिहावे : गाडी कोणत्या अवस्थेत आली, तक्रार काय, काय तपासले, कोणता भाग बदलला. त्यावर मालकाची सही घ्यावी आणि बिल पक्के द्यावे. दुसरी, एक्झॉस्ट ब्रेक, डीपीएफ आणि सेन्सर यांना हात लावून ते निकामी करण्याचे काम घेणार नाही, अशी पाटीच दुकानात लावावी; पाटी असली की रोज वाद घालावा लागत नाही. तिसरी, मांजरी-हडपसर-लोणी पट्ट्यातील पाच-सहा गॅरेजवाल्यांनी मिळून स्कॅनर, दाबाचा गेज आणि धूर मोजण्याचे यंत्र घ्यावे; एकट्याला जड जाणारी वस्तू भागीत परवडते. चौथी, घरातील एका तरी मुलाला आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा कोर्स करू द्यावा. उस्तादाचा कान आणि मुलाचा स्कॅनर एका छपराखाली आले तर त्या गॅरेजला तोड राहणार नाही.

वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही देशातील नामांकित संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे. ज्या शहरात गाडीचा धूर आणि आवाज काट्यावर तोलला जातो, त्याच शहराच्या वेशीवर आपण अंदाजाने कटर चालवत राहावे, हे शोभत नाही. गाडीचा मालक आज हा आहे, उद्या दुसरा असेल. गाडीही कधी तरी भंगारात जाईल. रस्त्यावर टिकते ते "अमुक उस्तादाने हात लावलेली गाडी आहे" हे वाक्य. ते वाक्य ऐकून घेणारा निश्चिंत होतो की पाने-गेज घेऊन पुन्हा तपासायला लागतो, हे आपल्याच हातात आहे.