पंप कोरडा चालतो तेव्हा

मे महिना आला की डोंबिवली एमआयडीसीत आम्हा मेंटेनन्सवाल्यांच्या बोलण्यात दोन तारखा निघतातच. २६ मे २०१६, प्रोबेस एंटरप्रायझेस. २३ मे २०२४, अमुदान केमिकल्स. दोन्ही फेज दोनमधल्या, दोन्ही भर दिवसा, आणि दोन्ही वेळा पहिल्या तासाभरात फोनवर फिरलेली बातमी एकच: ‘बॉयलर फुटला.’ पुढे २०१६च्या चौकशीत प्रोपार्जिल क्लोराइड या अतिज्वलनशील रसायनाचं नाव आलं आणि २०२४मध्ये रिअॅक्टरचं. बॉयलर हा आपल्याकडचा सोयीचा आरोपी आहे. त्याचं नाव लोकांना माहीत असतं, त्याची दरवर्षी तपासणी होते, त्याला स्वतंत्र कायदा आहे, स्वतंत्र संचालनालय आहे. ज्या यंत्राकडे एवढं लक्ष असतं ते सहसा फुटत नाही, हे मात्र कुणी बोलून दाखवत नाही.

या अंकाचा विषय बॉयलर नाही, रिअॅक्टरही नाही. विषय आहे पंप, आणि तोही विमानातला. आपले काही वाचक पहाटेच्या लोकलने डोंबिवलीहून सांताक्रूझच्या हँगरमध्ये जातात, त्यांना यात नवल वाटणार नाही. बाकीच्यांनी दोन पानं कळ काढावी, कारण गोष्ट फिरून फेज दोनमध्येच येणार आहे.

प्रवासी जेटमध्ये दोन पंखांच्या मधोमध, प्रवाशांच्या पायांखाली, एक टाकी असते. तिला सेंटर टँक म्हणतात. इंधन ओढणारे पंप टाकीच्या आतच बसवलेले असतात. पंपाची मोटर इंधनानेच थंड होते आणि बेअरिंगना वंगणही इंधनाचंच मिळतं. जोवर पंप बुडालेला आहे तोवर चिंता नाही. टाकी रिकामी होत आली आणि पंप चालूच राहिला की तो कोरडा चालतो. थंड करणारं जातं, वंगण जातं आणि सभोवती उरते ती इंधनाची वाफ. विमानाच्या इंधनाचा फ्लॅश पॉइंट ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून वर, म्हणून खरं तर हे रॉकेलच्या कुळातलं सौम्य द्रव्य. पण बऱ्याच विमानांत या टाकीच्या अगदी खाली वातानुकूलनाची यंत्रं असतात. विमान उन्हात उभं आहे, खाली एसी चालू आहे, टाकी जवळजवळ रिकामी आहे, अशा वेळी ती वाफ पेटण्याजोगी होते.

११ मे १९९० रोजी मनिलाच्या विमानतळावर फिलिपिन एअरलाइन्सच्या ७३७ विमानाची हीच टाकी जमिनीवर असतानाच फुटली. आठ जण गेले. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून निघालेलं टीडब्ल्यूए ८०० हवेत फुटलं. २३० जण गेले. ३ मार्च २००१ रोजी बँकॉकला थाई एअरवेजचं ७३७ उभ्या उभ्या जळालं. विमानातली एक कर्मचारी गेली. टीडब्ल्यूएच्या बाबतीत अमेरिकेच्या तपास मंडळाने चार वर्षांनी अहवाल दिला. टाकीतली वाफ पेटली हे पक्कं, पण ठिणगी नेमकी कुठून आली हे खात्रीने सांगता येत नाही. बहुधा टाकीबाहेरच्या शॉर्टसर्किटमुळे जास्तीचा विद्युतदाब इंधनमापकाच्या वायरिंगमधून आत शिरला असावा, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे पंपावर गुन्हा सिद्ध झाला नाही. मनिला आणि बँकॉकला मात्र मधल्या टाकीचे पंप चालू होते, आणि बँकॉकला तर टाकीत जवळजवळ काहीच नव्हतं.

यानंतर जे झालं ते आपल्या कामाचं आहे. मे १९९८मध्ये एका जुन्या ७३७मध्ये इंधनाची गळती शोधताना असं दिसलं, की टाकीतून जाणाऱ्या नळीतल्या पंपाच्या वायरी घासून उघड्या पडल्या आहेत आणि ठिणग्यांनी नळीला भोकं पाडली आहेत. हे एका विमानात सापडलं. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने काही दिवसांत हुकूम काढला: ५०,००० तासांहून अधिक उडालेलं त्या जुन्या प्रकारचं प्रत्येक ७३७ तपासल्याखेरीज उडवायचं नाही. २००२मध्ये एका कंपनीच्या पंपांत आतली वायर रोटरला घासू शकते असं आढळलं. तेव्हा हुकूम निघाला की पंप उघडा पडेल इतकं इंधन टाकीत कधीच उतरू द्यायचं नाही. त्या आधीच्या वर्षी नियमच आला होता, की विमान बनवणाऱ्यांनी टाकीतल्या ठिणगीच्या सगळ्या शक्यता मुळापासून तपासून दाखवायच्या. पुढे ७३७च्या मधल्या टाकीच्या पंपांना दाब घसरताच आपोआप बंद होण्याची सोय आली, आणि २००८च्या नियमाने टाकीत नायट्रोजन सोडून वाफेतला ऑक्सिजनच कमी करण्याची पद्धत आली. त्याला आपण नायट्रोजन ब्लँकेटिंग म्हणतो आणि ते आपल्याकडे कितीतरी आधीपासून आहे. निदान ड्रॉइंगवर तरी.

या हुकमाला विमानवाले ‘एडी’ म्हणतात, एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय तो इथल्या विमानांना बंधनकारक करतं. एडी वाचायला फार कंटाळवाणी असते, आणि तेच तिचं बळ आहे. कोणत्या मालिकेचं विमान, कोणत्या क्रमांकाचा पंप, कुठलं झाकण काढायचं, काय बघायचं, किती तासांच्या आत, काय सापडलं तर काय करायचं, आणि कुणाची सही. ‘पंपांची योग्य ती काळजी घ्यावी’ असं वाक्य तिथे चालत नाही.

सक्ती आणि सल्ला यातला फरक किती मोठा असतो तेही गेल्या काही वर्षांत आपण पाहिलं. १२ जून २०२५च्या अहमदाबाद अपघाताच्या प्राथमिक अहवालात एक नोंद आहे. इंधन नियंत्रक स्विचच्या लॉकबद्दल अमेरिकेने डिसेंबर २०१८मध्ये एक सूचनापत्र काढलं होतं. ते सल्लावजा असल्यामुळे ती तपासणी झाली नव्हती. अपघाताचं कारण हेच, असं अहवाल म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. पण अहवाल आल्यावर दोन दिवसांत, १४ जुलैला, महासंचालनालयाने २१ जुलैची मुदत घालून तीच तपासणी सक्तीची केली. साडेसहा वर्षं जे सवडीने करायचं होतं ते आठवड्याच्या मुदतीत बसलं.

आता फेज दोन.

गेल्या उन्हाळ्यात एका कारखान्यात गेलो होतो. नाव सांगत नाही. तिथली माणसं चांगली आहेत आणि असे कारखाने अंबरनाथ, बदलापूरपासून ठाणे-बेलापूर पट्ट्यापर्यंत कितीही दाखवता येतील. ड्रममधून रिअॅक्टरमध्ये टोल्युइन घ्यायचा एक छोटा पंप होता. मोटर फ्लेमप्रूफ, पाटी व्यवस्थित, शेजारी भिंतीवर लॅमिनेट केलेली चेकलिस्ट. त्या महिन्याची सगळी घरं टिकमार्कांनी भरलेली. महिना संपायला नऊ दिवस बाकी होते.

वाकून बघितलं. अर्थिंगची तांब्याची पट्टी होती, पण बेसफ्रेम रंगवताना तिच्यावरही रंगाचा हात फिरला होता. नट सैल केला तर खाली निळा रंग. म्हणजे पट्टी आणि फ्रेम यांच्यामध्ये रंगाचा थर. ड्रमला लावायचा क्लॅम्प भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला होता आणि त्याच्या दातांवर धूळ. मी विचारलं, ड्रम संपला हे कसं कळतं? तिथले जुने फिटर, तीसेक वर्षांची नोकरी झालेले, म्हणाले, “आवाज बदलतो ना साहेब. आधी घरघर, मग किर्र होतं. किर्र झालं की पोरगं धावतं.” मग पंपाच्या केसिंगवर उलटा हात टेकवून म्हणाले, “आणि नाहीच धावलं तर हाताला कळतं. चटका बसला की समजायचं सील गेलं. या वर्षात तीन सील बदलली.”

तीन सील. म्हणजे निदान तीन वेळा तो पंप कोरडा चालला. मेकॅनिकल सीलचे दोन चेहरे त्यांच्यामधल्या द्रवाच्या पातळ पापुद्र्यावर फिरतात. तो पापुद्रा गेला की ते थोड्याच वेळात भाजतात, तडकतात आणि वाफ बाहेर येऊ लागते. ही तिन्ही सीलं स्टोअर्सच्या रजिस्टरमध्ये होती, खर्चाच्या रकान्यात. सेफ्टीच्या फाइलमध्ये एकही नव्हतं. खरेदी विभागाला सीलवाल्याचा दर्जा घसरल्याचा संशय होता आणि नवा पुरवठादार शोधणं चालू होतं!

टोल्युइनचं गणित आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे, तरी मांडतो. त्याचा फ्लॅश पॉइंट ४ अंश सेल्सियसच्या आसपास. हवेत साधारण १.१ ते ७.१ टक्के वाफ असली की ती पेटू शकते. ३५ अंशाला बंद ड्रमच्या पोकळीत ती सुमारे सहा टक्के भरते. डिसेंबरात, २० अंशाला, तीन टक्क्यांच्या जवळ. म्हणजे मे महिन्याला उगाच बोल लावू नये. आपला सॉल्व्हंटचा ड्रम वर्षाचे बारा महिने बरोबर त्या पट्ट्यात बसलेला असतो. टीडब्ल्यूएच्या टाकीला तिथवर पोचायला उन्हाळ्याची संध्याकाळ आणि खालच्या एसीची ऊब लागली. आपल्याला काहीच लागत नाही.

तपासणीच आपल्याकडे नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. प्रेशर व्हेसलची मुदतीने परीक्षा आहे, ‘सक्षम व्यक्ती’ची सही आहे, भोपाळनंतर १९८७मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचं अख्खं प्रकरण घातलं गेलं. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे निरीक्षक कमी आहेत ही तक्रार खरी आहे, पण मला ती अर्धीच वाटते. दहापट निरीक्षक आले तरी ते काय शोधायचं म्हणून येणार? ज्या टोल्युइनच्या पंपाने वर्षात तीन सीलं खाल्ली त्याची खबर शेजारच्या गाळ्यातल्या मेंटेनन्सवाल्याला नसते, मग निरीक्षकाला कुठून असणार? एका ७३७मध्ये नळीला भोक सापडलं आणि त्या वयाच्या प्रत्येक ७३७ची नळी उघडली गेली. आपल्याकडे एका कारखान्यात सापडलेला दोष त्या कारखान्याच्या गेटबाहेर पडत नाही. प्रोबेसचा चौकशी अहवाल तर माहितीच्या अधिकारात मागून मिळवावा लागला, आणि तोवर दोन वर्षं गेली. ज्या रस्त्यावर काचा फुटल्या त्याच रस्त्यावरच्या इतर प्लांटना त्यातून ‘तुमच्याकडे हे रसायन किती, कुठे, किती तापमानाला आहे ते अमुक तारखेपर्यंत बघा’ असं एक पानही कधी आलं नाही. निदान मी ज्या ज्या कंट्रोल रूममध्ये विचारलं तिथे कुणाला ते आठवलं नाही.

मोठा उपाय म्हणून स्थलांतर पुढे आलं. १५६ धोकादायक कारखाने पाताळगंगेला न्यायचे, असं २०२२मध्ये ठरलं. घरं आणि कारखाने इतके खेटून आहेत की त्यामागची कळकळ समजते. पण पंप ट्रकमध्ये चढवून पाताळगंगेला नेला तर तो तिथेही रंगवलेल्या पट्टीवरच बसेल. वस्ती लांब राहील, हा फायदा खरा. पंपाशेजारी उभं राहणारं पोरगं मात्र आपल्याबरोबरच जाणार आहे.

मालक लोक ऐकत नाहीत, हे उत्तर मला लगेच मिळेल. थोडं खरं आहे. पण अर्थिंगच्या नटाखालचा रंग खरवडायला मालकाची सही लागत नाही. पंप कोरडा पडताच मोटर बंद करणारा अंडरलोड रिले आता दुर्मीळ राहिलेला नाही, आणि तीन सीलं आणि गेलेल्या बॅचचा वेळ यांच्या हिशोबासमोर तो महागही पडत नाही. हा हिशोब आपण कधी मांडून दाखवत नाही, कारण सील स्टोअर्सच्या वहीत, वेळ प्रॉडक्शनच्या वहीत आणि आग फायर ब्रिगेडच्या वहीत.

म्हणून या अंकापासून आम्ही एक पान मोकळं ठेवतो आहोत. कारखान्याचं नाव नको, माणसाचं नको, ब्रँडही नको. पंप कोणत्या जातीचा, कोणता द्रव, काय सापडलं, कसं सापडलं, किती वेळा, आणि आता दुसऱ्याने आपल्याकडे नेमकं काय उघडून बघावं, एवढंच. ‘काळजी घ्यावी’ हे शब्द असलेलं टिपण छापणार नाही. सक्ती करायचा अधिकार मासिकाला नाही, आणि सल्ल्याचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. तरी शेजारच्या गाळ्यात काय सापडलं हे कळल्यावर आपलं झाकण न उघडणारा फिटर मी अजून पाहिलेला नाही.

पहिलं टिपण पान १२वर आहे: सेंट्रिफ्युगल पंप, टोल्युइन, वर्षात तीन सीलं, अर्थिंगच्या पट्टीखाली निळा रंग. त्या फिटरना लिहून द्या म्हटलं तर म्हणाले, “लिहायचं तुम्ही बघा साहेब, मी सांगतो.” त्यांनी फोनवर सांगितलं आणि मी उतरवून घेतलं. शेवटी त्यांनी आठवणीने एक ओळ घालायला लावली: रंग खरवडल्यावर नट पुन्हा आवळताना खाली दातेरी वॉशर घाला, साधा नको.