सायकलीची खोली

मागच्या मंगळवारी दाराखालून एक कागद आत सरकवलेला सापडला. पुढच्या १ तारखेपासून सायकली लिफ्टमधून न्यायच्या नाहीत, लिफ्ट घाण झाली तर साफसफाईचा खर्च त्या त्या फ्लॅटकडून वसूल होईल, सायकलींसाठी पहिल्या तळघरात स्वतंत्र खोली आहे, तिचा वापर करावा. खाली बोर्डाची सही. (बोर्ड म्हणजे आपल्याकडची सोसायटीची कमिटीच. फक्त यांच्या सभेला चहा नसतो.)

त्या स्वतंत्र खोलीबद्दलच आज लिहायचंय. जमलं तर शांतपणे.

टोरांटोच्या २०१३ च्या बांधकाम नियमावलीत शहराच्या मध्यभागातल्या नव्या इमारतींना दर फ्लॅटमागे ०.९ इतक्या सायकलींची कायमची सोय करणं बंधनकारक केलं. आमचा टॉवर त्यानंतरचा. ४०० फ्लॅट, म्हणजे ३६० जागा. आकडा वाचून माझ्या भावाने पुण्याहून लगेच लिहिलं, "बघ, याला म्हणतात नियोजन!" दादा, आता पुढचं वाच.

नियमात एका सायकलीला रुंदी लागते ०.६ मीटर. सायकल आडवी ठेवा, उभी टांगा किंवा एकावर एक रचा, सगळं चालतं. बिल्डरला तळघरातला प्रत्येक फूट गाडीवाल्याला विकायचा असतो. मग तो काय करणार? भिंतीला हुक मारणार! आमच्या खोलीत खालची रांग जमिनीवर आहे, ती केव्हाच भरली. वरची रांग हुकांची. पुढचं चाक डोक्याच्या वर उचलून हुकात अडकवायचं. माझं वय ५२, उंची ५ फूट १ इंच, सायकल १६ किलोची, त्यात मागे भाजीची टोपली. एकदा प्रयत्न केला. शेजारच्या सायकलीचं हँडल कानाला लागलं, आणि खाली उतरवायला रखवालदाराला बोलवावं लागलं. तो बिचारा हसला नाही, हे त्याचे उपकार.

आणि तिथपर्यंत पोचायचं कसं? लिफ्ट आता बंद. राहिला गाड्यांचा उतार. त्याच्या तोंडाशी पाटी आहे : पायी आणि सायकलने जाण्यास मनाई. म्हणजे खोली आहे, जागा आहेत, फक्त सायकल तिथे नेता येत नाही. हे मी सभेत विचारलं तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "चांगला मुद्दा आहे, नोंद घेऊ."

त्यांनी नोंद घेतली ती वेगळीच. एका रविवारी मी खाली जाऊन मोजलं. वरच्या रांगेत जेमतेम ११ सायकली, त्यातल्या निम्म्यांच्या टायरात हवा नाही. बोर्डानेही मोजलं असणार, कारण सभेत प्रस्ताव आला : सायकलींची खोली निम्मी रिकामी आहे, लोकांना गरज दिसत नाही, तर अर्ध्या भागात सामानाचे लॉकर करून भाड्याने द्यावेत. आधी वापरता येणार नाही अशी जागा बांधायची, मग कोणी वापरत नाही म्हणून काढून घ्यायची! नियमाने बांधलेली जागा अशी कमी करता येते का, यावर उत्तर मिळालं, वकिलांना विचारू.

या शहरात सायकलीवरून भांडणं कमी नाहीत. ब्लूर रस्त्यावरची सायकलपट्टी २०१६ मध्ये प्रयोग म्हणून आली, २०१७ मध्ये कायम झाली, २०२४ मध्ये प्रांत सरकारने ती काढायचा कायदा केला, २०२५ च्या जुलैत न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. पानंच्या पानं लिहून झाली. पण ती सायकल रात्री कुठे असते, यावर कोणी चकार शब्द काढत नाही. नेदरलँड्समध्ये नव्या घराला साधारणपणे ५ चौरस मीटरची, किमान १.८ मीटर रुंद अशी सामानाची बंद खोली लागते. सायकल तिच्यात ढकलत जाते. हुक नाही, कसरत नाही. तिथेही हा नियम २००३ मध्ये काढला होता, २०१२ मध्ये परत आणावा लागला.

लहानपणी आमच्या वाड्यात जिन्याखाली सात सायकली असायच्या. नियम कसलाच नव्हता. भिंतीला टेकवली की झालं.

बोर्डाची एक भीती मात्र मला खोटी वाटत नाही. २०२३ च्या ३१ डिसेंबरला इथल्या मेट्रोत एका विजेच्या सायकलीने पेट घेतला होता. अशा बॅटऱ्या फ्लॅटमध्ये नकोत, कबूल. मग खाली अग्निरोधक, वेगळी चार्जिंगची जागा करा ना! आमच्या खालच्या मजल्यावर पाच विद्यार्थी एका फ्लॅटमध्ये राहतात, दोघं रात्री जेवणाचे डबे पोचवतात. एक आपल्या नांदेडचा. त्याची सायकल म्हणजे त्याची फी. बंदी आल्यापासून तो बॅटरी काढून पाठपिशवीत घालून वर नेतो, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे आग लागायची तर आता ती फ्लॅटमध्येच लागणार.

आणि तो सभेत बोलू शकत नाही, कारण भाडेकरू. इथल्या कायद्याने १५ टक्के फ्लॅटमालकांनी लेखी मागणी केली की बोर्डाला खास सभा बोलवावी लागते. १५ टक्के म्हणजे ६० सह्या. सायकल चालवणारे बहुतेक भाड्याने राहतात, आणि मालक दुसऱ्या शहरात, काही तर दुसऱ्या देशात. त्यांना ईमेल पाठवतेय. एकाने उत्तर दिलं, "लॉकरचं भाडं किती येईल?"

४३ सह्या झाल्यात. नांदेडच्या पोराच्या मालकिणीला आज फोन करायचाय. मराठी आहेत म्हणे, ठाण्याच्या.