धडधडाटाचे भक्त

जुन्या विलायती फटफट्यांचं वेड हल्ली फार बोकाळलंय. चिखलात-दगडधोंड्यांत चालणारी जुनी ब्रिटिश गाडी म्हणजे 'मर्दानी', असं आमच्या पुतण्याचं आणि त्याच्या कंपूचं मत. रविवारी ही मंडळी बोटीतून नाहीतर उत्तनमार्गे गोराईला जातात, सायलेन्सर बदललेल्या बुलेट ओहोटीच्या वाळूत घालतात आणि गावाचे कान फोडतात. वेडाला माझी हरकत नाही. पण ज्या गाडीचं वेड, तिची निदान ओळख तरी करून घ्या की!

या गाड्यांनी ब्रिटनमध्ये नाव काढलं ते 'ट्रायल्स'मध्ये. तिथे पहिला कोण पोचला याला महत्त्व नाही. ओढ्यातले दगड, चिखल, चढ पार करायचे, तेही पाय न टेकता. पाय टेकला की दंड, गाडी थांबली तर पाच गुणांचा. जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ साली स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकली ती बुलेटवर. साडेतीनशेच्या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९०. धाव लांब, फ्लायव्हील जड, म्हणून गोगलगायीच्या चालीनेही इंजिन न अडखळता ओढत राहतं. त्यातच सगळी खुमारी! शिवाय १९४८ साली मागच्या चाकालाही स्प्रिंग देऊन तिने सान रेमोच्या सहा दिवसांच्या स्पर्धेत सुवर्णपदकं मिळवली. मागचं चाक ताठच बरं म्हणणारे जाणकार तेव्हा पुष्कळ होते.

आपल्या सैन्याने पन्नाशीच्या दशकात सीमेवरच्या गस्तीसाठी ती घेतली आणि १९५५ पासून ती मद्रासला बनू लागली. गस्तीवरच्या जवानाला आवाजाची हौस असेल असं मला तरी वाटत नाही.

"काका, आवाज म्हणजेच बुलेट!" इति पुतण्या. आणि वजन? तेही म्हणे शान! अरे, सॅमी मिलरने १९६४ साली तीच स्कॉटिश ट्रायल पाचशे सीसीच्या एरियलवर जिंकली आणि पुढच्याच वर्षी हलक्या स्पॅनिश बुल्टाकोवर. त्या पठ्ठ्याला वजनाचा मोह नव्हता, मग तुम्हाला का?

आता वाळूचं. किनाऱ्यावर जाळी वाळत असतात, सुकट पसरलेली असते, ती कोणाच्या तरी पोटाची सोय असते. भरतीच्या रेषेवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरते आणि वाळू धरून ठेवते (नाव ठेवणाऱ्याला काय सुचलंय पाहा). चाकाखाली ती चिरडली की वाळू मोकळी. यात कसलं आलंय साहस? सपाट किनाऱ्यावर अ‍ॅक्सिलरेटर पिळायला अक्कल लागत नाही.

तेव्हा चिरंजीव, मूळचा सायलेन्सर परत बसव. गावाकडच्या आपल्या पडीक रानात मी दगड मांडून देतो. पंचवीस पावलं पाय न टेकता जाऊन दाखव. मोजायला मी खुर्ची टाकून बसेन, दंडाचे गुण फळ्यावर लिहीन. काकूने भजी कबूल केली आहेत.