बालकाचा अहवाल प्रौढाच्या मापाने वाचू नये

सुश्रुताचार्यांनी बाल्यावस्थेचे क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद असे तीन भाग केले. पहिल्याची मर्यादा एक वर्ष, दुसऱ्याची दोन वर्षे. बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हा विचार आपल्या शास्त्रात इतका मुरलेला आहे की वय विचारल्यावाचून आपण मात्रा ठरवीत नाही. मात्र बालकाच्या रक्ततपासणीचा कागद हाती आला की हीच दृष्टी बाजूस पडते, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

क्रिएटिनिन हे स्नायूंपासून निर्माण होणारे द्रव्य. ज्याचे स्नायू अल्प, त्याच्या रक्तात ते अल्पच असणार. तरीही पुष्कळदा अहवालावर प्रौढांचीच मर्यादा छापलेली असते. ८५ सें.मी. उंचीच्या दोन वर्षांच्या बालकाचे क्रिएटिनिन ०.९ मि.ग्रॅ. आले, तर त्या कागदावर ते निर्दोष ठरते. २००९ मध्ये सुधारलेल्या श्वार्ट्झ सूत्राप्रमाणे उंचीस ०.४१३ ने गुणून क्रिएटिनिनने भागावे. वृक्कांची गाळणक्षमता सुमारे ३९ येते. या वयात ती ९० च्या वर असावयास हवी. निम्म्याहून अधिक कार्य गमावलेले बालक आपण ‘नॉर्मल’ म्हणून घरी पाठविणार काय?

हे सूत्र एक वर्षावरील बालकांसाठी व स्थिर अवस्थेसाठी आहे. नवजात शिशूच्या रक्तात आरंभीचे काही दिवस मातेचेच क्रिएटिनिन असते. सिस्टॅटिन सी स्नायूंवर फारसे अवलंबून नाही, म्हणून कृश बालकांत ते उपयुक्त. तथापि थायरॉइडचे विकार व स्टिरॉइड यांनी त्याचेही प्रमाण बदलते.

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात डायएथिलीन ग्लायकॉलने दूषित झालेल्या खोकल्याच्या औषधाने वृक्क निकामी होऊन वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपुरास आणले होते. ते औषध आपल्या पद्धतीचे नव्हते, एवढ्यावर समाधान मानणे आम्हांस उचित वाटत नाही. बालकांना रसौषधी देणाऱ्या वैद्याची जबाबदारी तर अधिकच आहे. अशा तीव्र आघातात क्रिएटिनिन उशिरा वाढते. मूत्र कमी होणे हे लक्षण कागदाच्या आधी बोलते.

म्हणून आमची विनंती अशी : प्रत्येक बालरुग्णाच्या पत्रकावर वय व वजन यांसोबत उंची लिहावी. प्रयोगशाळेकडून वयानुसार मर्यादा व एन्झायमॅटिक पद्धतीने केलेली तपासणी मागावी. एका आकड्यावर न विसंबता पूर्वीच्या अहवालाशी तुलना करावी. औषधालयाच्या चालकांनीही, औषध घेतल्यापासून मुलास लघवी होत नाही असे माता सांगत असेल, तर दुसरी बाटली न देता त्याच दिवशी त्यास रुग्णालयात धाडावे.

उंची मोजण्यास एक फीत पुरते. तेवढी प्रत्येक चिकित्सालयात असावी.