वेगवान मोटार आणि खानदेशचे ऊन

मोटारींची आवड खानदेशातील मुलांस नवी नाही. जळगाव व धुळे ही दोन्ही शहरे सुरतेहून नागपुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेली. धुळ्यास तर मुंबई-आग्रा रस्ताही येऊन मिळतो. तेव्हा पिंप्राळ्याच्या मुलांच्या वह्यांत मागल्या पानांवर ठेंगण्या, निमुळत्या, दोन आसनांच्या मोटारींची चित्रे आढळली, तर त्यांत नवल ते काय? ह्या आवडीस दूषण देण्याचा आमचा हेतू नाही. मात्र त्या चित्रांत दोन गोष्टी कधीच नसतात: आत बसणारास लागणारी झळ, आणि रंगाखाली झाकलेला सांगाडा. मोटारीची खरी परीक्षा ह्याच दोन गोष्टींत होते, असे आमचे मत आहे.

आपल्या देशातही अशा मोटारी निर्माण झाल्या. ‘सॅन स्टॉर्म’ ही उघड्या छपराची मोटार १९९८ साली निघाली. महाराष्ट्रातील दिलीप छाब्रिया ह्यांची ‘अवंती’ २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली; तिचे इंजिन आसनांच्या पाठीमागे होते. छप्पर काढले की सांगाडा ताठ ठेवण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि इंजिन पाठीशी आणले की उष्णतेचा.

प्रथम सांगाड्याचे पाहू. आगपेटीचा आतला खण दोन्ही टोकांस धरून पिळावा. तो सहज वळतो. तोच बाहेरच्या कवचात सरकवून पिळला असता दाद देत नाही. छप्पर नसलेली मोटार म्हणजे कवचाबाहेरचा खण होय. खड्ड्यात एक चाक गेले की ती पिळली जाते. दारे कुरकुरतात, सांधे सैल होतात, आणि सुकाणू फिरवले तरी गाडी नेमकी वळत नाही. म्हणून कुशल रचनाकार दाराखाली जाड, पोकळ व बंद तुळया घालतो, आणि सुतार फाटकास तिरपी पट्टी मारतो त्याप्रमाणे सांगाड्यास तिरपे आधार देतो. नुसते लोखंड वाढविल्याने मात्र वजन वाढते आणि वेग जातो.

एकीकडे साधावे तर दुसरीकडे उणे पडते, ह्याचा उत्तम दाखला १९५४ सालच्या जर्मन ‘मर्सिडीज ३०० एसएल’ मोटारीचा. तिचा सांगाडा बारीक नळ्यांच्या त्रिकोणांचा, हलका व ताठ होता. पण तो बाजूंस इतका उंच आला की दारे पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडावी लागली. त्या दारांच्या काचा खाली सरकत नसत, आणि उन्हाळ्यात आत बसणारे घामाघूम होत!

आता उष्णतेचे. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांस टेकतो. त्यात जळणाच्या शक्तीचा मोठा भाग चाकांपर्यंत न पोहोचता उष्णता होऊन बाहेर पडतो. धुराची नळी तापते, तिची झळ पत्र्यातून आत येते. आपल्या वाडवडिलांनी जाड मातीच्या भिंती व धाब्याची घरे बांधून ऊन अडविले. मोटारीतही तत्त्व तेच. नळी व पत्रा ह्यांमध्ये हवेची पोकळी ठेवून चकचकीत अॅल्युमिनियमचा पडदा बसवावा, आतून जाड नमद्याचे अस्तर द्यावे, आणि तारांसाठी पाडलेली भोके रबरी बुचांनी बंद करावी. ह्या भोकांतून झळच नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायूही आत येऊ शकतो.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशास? वातानुकूलन यंत्र बसविले म्हणजे झाले! आमच्या मते ते यंत्र शेवटी यावे, आधी नव्हे. गळक्या घागरीत पाणी ओतीत राहण्यात शहाणपण नाही.

आणि हा विचार हौशी मोटारींपुरताच का ठेवावा? त्याची खरी गरज आमच्या हमरस्त्यावरील ट्रकचालकांस आहे. तापलेल्या केबिनीत दहा तास बसलेल्या माणसाचा डोळा लागला, तर त्याचे मोल रस्त्यावरील इतरांसही द्यावे लागते. नव्याने तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांच्या केबिनी वातानुकूलित असाव्यात, असा नियम सरकारने केला, तो स्तुत्य आहे. परंतु त्यापूर्वीच्या ट्रकांस तो लागू नाही. त्यांच्या मालकांनी निदान अस्तर व पडदा एवढी सोय तरी करावी. तिला फारसा खर्च नाही.

पालकांस एक विनंती. मुलगा मोटारीचे चित्र काढू लागला तर रागावू नये. ऊन कोठून येते व सांगाडा कोठे पिळतो, हे त्यास विचारावे. पण हौसेपायी मिस्त्रीकडून सांगाडा कापून जोडू देऊ नये. मूळ रचनेत असा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची मनाई आहे, आणि चुकलेला जोड वेगात तुटला म्हणजे पश्चात्तापास अवसर मिळत नाही.

विद्यार्थीमित्रहो, चित्रे जरूर काढा. पुढल्या चित्रात मात्र रंगाआधी सांगाडा काढा.