कर्जदार जोडताना घाई नको

कर्ज फेडून बेबाकी दाखला हातात आला, तरी 'सिबिल'मध्ये ते कर्ज महिनाभर जिवंतच दिसते, ही तक्रार जुनी आहे. बँका पतमाहिती कंपन्यांना महिन्यातून एकदा माहिती पाठवत. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून ती पंधरवड्याला पाठवायला लावली. त्याच वर्षी तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर एम. राजेश्वर राव यांनी पुढची दिशा सांगितली: माहिती जवळपास तत्काळ पोचावी आणि प्रत्येक कर्जदाराला एकच ओळखक्रमांक असावा. हप्ता भरल्याची खबर लगेच पोचायला कुणाची हरकत असणार? पण या घाईत दोन निराळी कामे एकाच गाठोड्यात बांधली जातील, अशी भीती आहे. खात्याचा मालक आधीच ठरलेला असेल, तर त्या खात्याची ताजी स्थिती कळवणे हे एक काम. वेगवेगळ्या संस्थांकडून आलेल्या नोंदी एकाच माणसाच्या आहेत असे ठरवून त्या एका अहवालात जोडणे हे दुसरे. पहिले जितक्या लवकर होईल तितके बरे. दुसरे मात्र सगळ्या नोंदी समोर घेऊन, गठ्ठ्यानेच व्हायला हवे.

त्याचे कारण आपल्या कागदपत्रांतच आहे. महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख लावून टाकलेली माणसे गावोगाव सापडतात; आधारमध्ये नुसते जन्मवर्ष सांगितले की १ जानेवारी पडते. पत्ता 'मु. पो.' आणि गावाच्या नावावर संपतो, घरक्रमांकाचा पत्ता नसतो. एक बँक आडनाव आधी लिहिते, दुसरी शेवटी, तिसरी वडिलांचे नाव गाळते. लग्नानंतर बाईचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, पण पॅनवर बऱ्याचदा माहेरचेच राहते. बंद पडलेला मोबाइल क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्याच कुणाला मिळू शकतो. अशा वेळी 'सुनीता शिंदे, १ जून' ही जोडी फारच थोडे सांगते. किती थोडे, हे त्या तालुक्यात त्याच नावाच्या आणि तारखेच्या किती नोंदी आहेत, ते पाहिल्यावरच कळणार.

जुळणीचे गणित ज्यांनी पक्के केले, त्या कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातील इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी १९६९ च्या निबंधात निकालाचे तीन कप्पे ठेवले होते: जुळले, जुळले नाही, आणि माणसाने तपासायचे. तत्काळ जुळणीत हा तिसरा कप्पाच उडतो, कारण खिडकीशी कर्ज मागणारा उभा असताना यंत्राला हो किंवा नाही एवढेच म्हणता येते. शिवाय नोंदी एकेक करून जोडत गेले, तर कोणती आधी आली यावरही निकाल बदलू शकतो. पहिली नोंद मोबाइलमुळे दुसरीला चिकटली, दुसरी पत्त्यामुळे तिसरीला, की पहिली आणि तिसरी परक्या असूनही एका अहवालात बसतात. तोवर त्या अहवालावर कुणाचे तरी घरकर्ज नाकारलेले असते.

आधारची रचना या बाबतीत शहाणपणाची आहे. रेशन दुकानात अंगठा लावला की उत्तर चटकन येते, कारण तो ठसा फक्त सांगितलेल्या क्रमांकाच्या ठशाशी ताडला जातो. नवा क्रमांक देताना मात्र बोटे आणि बुबुळे आधीच्या सगळ्या नोंदींशी ताडतात, आणि त्याला काही दिवस लागतात. त्या विलंबाबद्दल फारसे कुणी भांडत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप फसवणुकीचा. एकच माणूस एका आठवड्यात चार ॲपवरून कर्ज उचलत असेल, तर गठ्ठ्याची वाट बघायची का? अजिबात नाही. संशय लगेच यावा, कर्ज थांबावे, आणखी कागद मागावेत. पण थांबवून विचारणे आणि कायमचे जोडून टाकणे यांत फरक आहे. विचारपूस चुकीची निघाली तर दोन दिवस जातात, जोडणी चुकली तर माणूस महिनोन्‌महिने खेटे घालतो. दुसरा युक्तिवाद असा की, एकच क्रमांक मिळाला की जुळणीची गरजच उरणार नाही. पुढच्या कर्जांपुरते ते बरेचसे खरे आहे. पण मागच्या कोट्यवधी खात्यांवर तो क्रमांक चिकटवणार कोण आणि कशाच्या आधारे? त्याच नावांच्या, त्याच तारखांच्या. तिथे चूक झाली तर तिला वर सरकारी शिक्का मिळेल. तिसरा मुद्दा खर्चाचा: माणसे बसवून तपासणी परवडत नाही म्हणतात. आज ती तपासणी ग्राहकच फुकटात करतो आहे. तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तरच रोजचे १०० रुपये मिळायला लागतात. पहिला महिना त्याच्याच पदरी.

आणि गठ्ठा म्हणजे पंधरवडाच असे कुठे आहे? जुळणी रोज रात्री चालवता येते. नव्या नियमांत रिझर्व्ह बँकेने दोन मुदती निराळ्या लिहाव्यात: खात्याची स्थिती कळवण्याची त्याच दिवसाची, आणि नोंदी जोडण्याची काही दिवसांची. अहवाल कुणी पाहिला तर आज मोबाइलवर संदेश येतो. तसाच संदेश परक्या बँकेतले खाते आपल्या नावाला जोडण्याआधी यावा, आणि 'हे माझे नाही' असे उत्तर आल्यास ती जोडणी तपासणी होईपर्यंत अडवून ठेवावी.